रामघाटावरील यमद्वितीया

कार्तिकाच्या आरंभी काशीची गंगा पुराचा गढूळपणा टाकून नुकती निवळू लागलेली असते. पायऱ्यांवर चढलेला गाळ पाण्याच्या झोताने धुऊन काढण्याचे काम संपत आलेले असते, आणि पंचगंगेच्या बाजूस उंच वेळूंच्या टोकांना टांगलेल्या करंड्यांतून आकाशदीप मिणमिणत असतात. पितरांना वाट दिसावी म्हणून हे दिवे लावावयाचे अशी येथील रीत आहे. अशा एका पहाटे आम्ही रामघाटाच्या पायऱ्या उतरून दक्षिणेकडे चालू लागतो. मेहता घाट, गणेश घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट असे एकामागून एक मागे पडतात, आणि पाय दुखू लागण्यापूर्वीच आपण संकटा घाटाजवळ येऊन पोहोचतो. येथेच यमतीर्थ आहे.

संकटादेवीच्या देवळाच्या परिसरात यमेश्वराचे लिंग आहे व जवळच यमादित्य आहे. स्कंदपुराणातील काशीखंडात काशीचे जे बारा आदित्य सांगितले आहेत त्यांत लोलार्क पहिला व यमादित्य शेवटचा. सूर्य हा यमाचा पिता. तेव्हा बापलेक येथे शेजारी शेजारी नांदत आहेत असे म्हणावयास हरकत नाही. एरवी या जागेकडे यात्रेकरूंची फारशी वर्दळ नसते. यमाशी अकारण ओळख वाढविण्याची हौस कोणास असणार? परंतु कार्तिक शुद्ध द्वितीयेस मात्र येथे स्नानाला गर्दी लोटते. गंगेच्या तीरावर, विश्वनाथाच्या नगरीत, या दिवशी मान यमाचा आणि त्याच्या बहिणीचा असतो.

आमच्या वाचकांपैकी बहुतेक जण आमच्यासारखेच नोकरीच्या निमित्ताने परप्रांती पडलेले. केंद्र सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत भाऊबीज ऐच्छिक सुट्ट्यांत मोडते. वर्षाकाठी अशा ज्या दोन सुट्ट्या आपल्या निवडीने घ्यावयाच्या त्यांत ती बसवावी लागते, आणि परप्रांती गणेशचतुर्थीशीही तिचा झगडा होतो. आम्ही काशीस बदलून आल्यापासून ती न चुकता घेत आलो आहो. घेऊन करावयाचे काय, हा प्रश्न पहिल्या वर्षी पडला. आणि त्या प्रश्नापोटीच सणाचा थोडा मागोवा घेण्याची बुद्धी झाली. घरी असतो तर पाटावर बसलो असतो, ओवाळून घेतले असते, ताटात ओवाळणी टाकली असती, आणि बहिणीच्या सणात यम का येऊन बसला आहे हे विचारण्याचे आपल्या डोक्यातही आले नसते.

काशीतील महिना पौर्णिमेस संपतो, आपला अमावास्येस. म्हणून नरकचतुर्दशी आपल्या पंचांगात आश्विन वद्यातली, तर शेजाऱ्यांच्या पंचांगात कार्तिक कृष्णातली. पाडव्यापासून मात्र दोघांचाही कार्तिक शुद्ध एकच होतो, आणि दुसऱ्याच दिवशी भाऊबीज येते. हे तिथींचे गणित जुळवीत असताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. धनत्रयोदशीस आपण घराबाहेर दक्षिणेकडे ज्योत करून दिवा ठेवतो, तो यमासाठी. चतुर्दशीस अभ्यंगस्नानानंतर चौदा नावांनी तर्पण करावयाचे, तेही यमाचेच. आणि द्वितीयेस बहिणीच्या घरी जेवावयास जाणारा मूळचा पाहुणाही यमच. दिवाळी लक्ष्मीची म्हणून आपण ओळखतो. पण तिच्या दाराशी यम उभा आहे आणि तिचा निरोपही तोच घेतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात, भ्रातृद्वितीया हा मूळचा स्वतंत्र सण असावा व दिवाळीचा आनंद लांबविण्यासाठी तो तिला मागाहून जोडला गेला असावा, असे मत दिले आहे. ते आम्हांस पटते. फक्त एवढेच वाटते की जोड देणाऱ्यांच्या हाती धागा होता, आणि तो यमाचा होता.

आता हा यम कोण? आपल्या डोळ्यांपुढे रेड्यावर बसलेला, हाती पाश घेतलेला अधिकारी येतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात मात्र तो वेगळा आहे. परलोकाची वाट ज्याने प्रथम शोधून काढली तो हा विवस्वानाचा पुत्र. त्याच्यामागून पितर गेले आणि त्याच वाटेने आपणही जावयाचे. त्याच मंडलात यम आणि त्याची जुळी बहीण यमी यांचे संवादसूक्त आहे. त्या सूक्तातील यमीची याचना आणि यमाचा नकार यांवर पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यात शिरण्याचे येथे कारण नाही. एवढेच लक्षात घ्यावे की बहीणभावांच्या नात्याची मर्यादा वेदकाळी या जोडीच्या तोंडून वदविली गेली, आणि पुढे त्या नात्याचा सणही त्याच जोडीच्या नावे लागला.

आम्हांस अधिक मोलाची वाटते ती मैत्रायणी संहितेतील एक लहानशी कथा. या शाखेचे पठण करणारी घराणी आपल्याच नाशिक-खानदेशच्या बाजूस टिकून राहिली, म्हणून तिच्याविषयी थोडा आपलेपणाही वाटतो. कथा अशी. यम मेला. यमी शोक करीत बसली. देव तिला समजावू लागले की झाले ते झाले, आता विसर. ती प्रत्येक वेळी एकच उत्तर देई: तो तर आजच गेला. तिचे म्हणणे खोटे नव्हते. त्या काळी रात्र नव्हती; सारा एक अखंड दिवस होता, आणि ज्या दिवशी यम गेला तो दिवस अजून संपलाच नव्हता. तेव्हा देवांनी विचार केला की अशाने ही कधीच विसरणार नाही, आपण रात्र निर्माण करू. रात्र झाली, तिच्यामागून उद्याचा दिवस उजाडला, आणि मग यमी त्याला विसरली.

रात्र का निर्माण झाली याचे याहून करुण कारण आम्ही दुसरे वाचलेले नाही. ज्या शोकाला देवांपाशी काळाखेरीज औषध सापडले नाही तो शोक बहिणीचा होता, हे वैदिक ऋषींनी नोंदवून ठेवले आहे. तो आईचा किंवा पत्नीचा असता तर आपण आश्चर्य केले नसते.

पुराणकाळी हीच दोघे भावंडे पुन्हा भेटतात, तेव्हा त्यांचे दिवस पालटलेले असतात. यमी आता यमुना झाली आहे, आणि यम धर्मराज झाला आहे. त्याच्या हाताखाली चित्रगुप्त, दूत, नरकांची खाती असा मोठा कारभार आहे. यमुना भावाला जेवावयास बोलावते आणि त्याला वेळ होत नाही. हे वाक्य वाचताना आमच्यासारख्या कारकुनाला थोडे ओशाळल्यासारखे होते. अखेर एका कार्तिक शुद्ध द्वितीयेस तो येतो. ती त्याला जेवू घालते. त्या दिवशी नरकातील जीवांनाही सुटका मिळते, कारण शिक्षा देणारा घरी नाही, तो बहिणीकडे गेला आहे. भविष्योत्तर पुराणात हा वृत्तांत श्रीकृष्ण युधिष्ठिराला सांगतो. आता युधिष्ठिर हा यमधर्माचा पुत्र, म्हणजे यमुना त्याची आत्या. आणि भागवतातील सूर्यकन्या कालिंदी ही श्रीकृष्णाच्या अष्टनायिकांपैकी एक, म्हणजे सांगणाराही त्याच घरचा जावई. घरातल्या माणसाने घरातल्याच माणसाला सांगितलेली ही गोष्ट आहे. यमाला आणखी एक सावत्र बहीण आहे, तपती. तीच आपली खानदेशातून वाहणारी तापी. तिच्याकडे यम जेवावयास गेल्याचे पुराणांत आलेले नाही, आणि एखाद्या भुसावळकराने याबद्दल तक्रार केली तर ती अगदीच गैरवाजवी होणार नाही.

कथेचा गाभा आमच्या मते यमाच्या येण्यात आहे. मृत्यू एरवी न बोलावता येतो. या एका दिवशी तो आमंत्रणावरून येतो, पाटावर बसतो, वाढलेले खातो आणि निघताना वर देतो. सावित्रीने त्याच्याशी वाद करून पती परत मिळविला, नचिकेत्याने त्याच्या दारात उपाशी बसून ज्ञान मिळविले. यमुनेने वाद केला नाही आणि उपासही केला नाही. तिने स्वयंपाक केला. आपल्या बहिणी ताटात निरांजन घेऊन ओवाळतात तेव्हा समोर बसलेला भाऊ हा यमाच्या जागी बसलेला असतो, याचा विसर आपणांस पडलेला आहे. ज्याला दीर्घायुष्य चिंतावयाचे आणि ज्याच्या हाती सर्वांचे आयुष्य, ते दोघे त्या पाटावर एक झालेले असतात.

काशीत ही गोष्ट आणखी एका कारणाने विलक्षण ठरते. काशीखंडाच्या मताने या क्षेत्रात यमाची सत्ता चालत नाही. येथे मरणाऱ्याला यमदूत शिवत नाहीत. जी काही शिक्षा द्यावयाची ती कालभैरव देतो. ज्या गावी त्याचा अंमल नाही तेथे यमाने स्वतः येऊन तप केले, लिंग स्थापिले, आणि भक्त म्हणून जागा मिळविली. अधिकार बाहेर ठेवून आत यावयाचे, हा नियम त्याला बहिणीच्या घरी लागू आहे तसाच काशीतही आहे. यमुना स्वतः येथपर्यंत येते ती प्रयागाला गंगेत मिसळूनच. म्हणजे यमतीर्थापुढून जे पाणी वाहते त्यात तीही असतेच.

या सणाचे नियम ज्या ग्रंथांवरून आपण पाळतो त्यांतील सर्वांत मान्य ग्रंथ काशीतच आणि एका मराठी घराण्यातच सिद्ध झाला, हे काशीतील मराठी माणसांसही पुष्कळदा ठाऊक नसते. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट. विश्वेश्वराच्या मंदिराच्या तत्कालीन पुनर्रचनेशी ज्यांचे नाव निगडित आहे ते हेच. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांनी १६१२ मध्ये निर्णयसिंधु पूर्ण केला. कमलाकरांचे बंधू दिनकरभट्ट, आणि दिनकरांचे पुत्र विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट, ज्यांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. पैठण सोडून तीन-चार पिढ्या झाल्या तरी या घराण्याचे महाराष्ट्राशी असलेले नाते तुटले नव्हते, ते असे.

निर्णयसिंधूत व तत्सम निबंधांत यमद्वितीयेसंबंधी जी वचने एकत्र केली आहेत ती वाचताना आमची जी अपेक्षा होती ती फसली. आम्हांस वाटले होते की ओवाळणी किती द्यावी, औक्षण कसे करावे, याचा तपशील असेल. वस्त्रालंकार देऊन बहिणींचा सत्कार करावा हे आहे. पण मुख्य विधी भोजनाचा. या दिवशी दुपारचे जेवण स्वतःच्या घरी घेऊ नये. बहिणीच्या घरी जावे, आणि तिच्या हातचे स्नेहाने खावे. तिथीही अपराह्णकाळी असावी असा निर्णय रूढ आहे. दिवसाचे पाच भाग केले असता चौथा तो अपराह्ण, म्हणजे साधारण दुपारी एक ते साडेतीन. कचेरीच्या माणसाला याहून गैरसोयीची वेळ शास्त्रकारांना शोधूनही सापडली नसती.

आणि बहीण कोणती? येथे शास्त्राने हात चांगला सैल सोडला आहे. भविष्योत्तराच्या वचनांप्रमाणे श्रावणापासून कार्तिकापर्यंत चार द्वितीया आहेत. पहिलीस चुलत बहिणीच्या हातचे जेवावे, दुसरीस मामेबहिणीच्या, तिसरीस आते किंवा मावसबहिणीच्या, आणि शेवटी कार्तिकात सख्ख्या बहिणीच्या. सख्खी नसेल तर जिला बहीण मानले असेल तिचा सत्कार करावा. मानलेली बहीण ही आपण मागाहून काढलेली पळवाट नव्हे. ती मूळ विधानातच आहे. महाराष्ट्रात ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. परंतु शास्त्राने भावाला असा चंद्र दिलेला नाही. त्याला कोणाच्या तरी घरी जाऊन बसावेच लागते.

या वचनाचा उपयोग आधुनिक काळी कोणी केला असेल तर तो अण्णासाहेब कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेने. १८९६ मध्ये विधवा व अनाथ मुलींसाठी आश्रम काढणाऱ्या या गृहस्थांच्या संस्थेने पुढे जो निधी गोळा केला त्याला नाव दिले भाऊबीज. कार्यकर्ते दारोदार जात आणि ज्यांची ओळखही नाही अशा मुलींसाठी घरोघरच्या भावांकडून ओवाळणी मागत. देणगी म्हटले असते तर कदाचित अधिक रक्कम मिळाली असती. पण देणारा मोठा झाला असता आणि घेणारी लहान. भाऊबीज म्हटल्याने घेणारीचा हक्क झाला.

येथील स्थानिक चाल मात्र आपल्याहून फार निराळी आहे. द्वितीयेच्या सकाळी काशीच्या गल्ल्यांतून बायका एकत्र जमतात, शेणाच्या यम-यमीच्या आकृती करतात, आणि मुसळाने त्या कुटतात. याला गोधन कुटणे म्हणतात. त्याआधी त्या आपल्या भावांना चक्क शाप देतात, मरून जा म्हणून. मग रेंगनीच्या काट्याने स्वतःची जीभ टोचून घेतात आणि भावांना पुन्हा जिवंत करतात. रेंगनी म्हणजे आपली भुईरिंगणी. पहिल्या वर्षी हा प्रकार पाहून आमच्या घरच्या मंडळींनी कानांवर हात ठेवले. पण मैत्रायणीची कथा वाचल्यावर त्यातील अर्थ लागल्यासारखा झाला. भावाचे मरण एकदा तोंडाने उच्चारून टाकावयाचे, त्याची शिक्षा स्वतःच्या जिभेला द्यावयाची, आणि मग वर्षभर निर्धास्त राहावयाचे. यमी जे रडून करू शकली नाही ते या भोजपुरी बायका दरवर्षी काट्याने करतात. याच दिवशी येथील कायस्थ मंडळी चित्रगुप्ताची पूजा करतात आणि दिवाळीपासून बाजूला ठेवलेली दौत-लेखणी पूजेनंतर हाती घेतात. आमच्या कचेरीतील एक वडीलधारे कायस्थ सहकारी सांगतात, यम काय, सही करणारा. खरे खाते चित्रगुप्ताकडे. ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना यातील मर्म सांगावे लागणार नाही.

रामघाट, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत पूर्वी मराठी वस्ती दाट होती. पेशवाईपासून येथे वाडे उठले, वेदपाठशाळा चालल्या, आणि काशीवासासाठी महाराष्ट्रातून आलेल्या कितीतरी विधवा स्त्रियांनी या गल्ल्यांतील लहान लहान खोल्यांतून आपली आयुष्ये संपविली. आता ती वस्ती पुष्कळ विरळ झाली आहे. रामघाटावर सांगवेद विद्यालयातून अजून वेदघोष कानी पडतो. पण गल्लीत मराठी ऐकू यावयाचे तर थांबून कान द्यावा लागतो. आमच्या शेजारी अशाच एका जुन्या घराण्यातील एक वृद्ध विधवा बाई राहतात. त्यांना सारी गल्ली अक्का म्हणते. त्यांचा एकुलता भाऊ पुष्कळ वर्षांपूर्वी निवर्तला. पहिल्याच वर्षी, आम्ही एकटेच जेवणार हे कळल्यावर, त्यांनी आम्हांस बोलावले. पाट मांडला, रांगोळी काढली, वाढले. औक्षणाचे ताट मात्र नव्हते. आम्ही नकळत इकडेतिकडे पाहिले असावे, कारण त्या म्हणाल्या, "ओवाळायचं माझ्यानं होत नाही हो. जेवा तुम्ही."

आम्ही जेवलो; पण ते वाक्य मनातून गेले नाही. निबंधग्रंथ उघडण्याचे खरे कारण तेच होते. फलश्रुतीत असे आहे की जी स्त्री या तिथीस भावाला जेवू घालून तांबूल देते तिला वैधव्य येत नाही व भावाचे आयुष्य क्षीण होत नाही. जिला ते आधीच आले आहे तिने भावाला जेवू घालू नये, अशी अट त्या वचनात घातलेली नाही. आणि मुख्य विधी जर भोजनाचा, तर अक्कांनी त्यातले काही कमी केले नव्हते. कमी केले होते ते रूढीने. पुढील वर्षी आम्ही त्यांना ही वचने वाचून दाखविली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "कमलाकरभट्टांच्या घरी विधवा बहीण होती का?" याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या वर्षीही निरांजन लागले नाही. त्याच्या पुढच्या वर्षी लागले. त्यावर आम्ही काही बोललो नाही, आणि त्याही काही बोलल्या नाहीत.

येथपर्यंत सारे गोड झाले. परंतु याच भट्ट घराण्यातील आणखी एका ग्रंथाने आमची झोप मोडली, तेही सांगितले पाहिजे. कमलाकरांचे चुलतबंधू नीलकंठभट्ट. यमुना आणि चंबळ यांच्या संगमाजवळील भरेह येथील सेंगर राजा भगवंतदेव याच्या आश्रयाने त्यांनी भगवंतभास्कर हा बारा मयूखांचा, म्हणजे बारा किरणांचा, ग्रंथ रचला. त्यांतील एक व्यवहारमयूख. काण्यांनी १९२६ मध्ये त्याची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. निपुत्रिक मृताच्या मालमत्तेचे वारस सांगताना नीलकंठांनी आजीनंतर लगेच बहिणीला स्थान दिले. कारण असे दिले की तीही भावाच्याच गोत्रात जन्मली, म्हणून तीही गोत्रजच. लग्नाने ती दुसऱ्या गोत्रात गेली, हे नीलकंठांना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी ती कोठे गेली हे न पाहता कोठे जन्मली हे पाहिले. इंग्रजी अमलात मयूखाचे प्रामाण्य गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे प्रथम दर्जाचे मानले गेले. मुंबईच्या न्यायालयाने बहिणीचा वारसा मान्य केला व एकोणिसाव्या शतकातच प्रिव्ही कौन्सिलनेही त्यावर शिक्का मारला. हिंदुस्थानाच्या बहुतेक इतर भागांत मिताक्षरा मानणाऱ्या बहिणींना यासाठी १९२९ च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. सूर्याच्या नावाच्या ग्रंथातील एका किरणाने सूर्यकन्येच्या जातीला हे दिले, हा योगायोग आम्हांस सुचल्यावाचून राहिला नाही.

नंतरचे सर्वांस ठाऊक आहे. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलगी वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीची वारस झाली. वडिलोपार्जित मालमत्तेत तिला जन्मतःच हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली आणि २००५ मध्ये ती साऱ्या देशाला लागू झाली. कायद्याने जे दिले ते आपण कसे परत घेतो, तेही सर्वांस ठाऊक आहे. वडील वारल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद होते, सात-बारावर बहिणीचे नाव चढते, आणि मग कोणीतरी वडीलधारा हक्कसोडपत्राचा कागद काढतो. बहीण सही करते. माहेर तुटू नये म्हणून करते. शब्द किती नेमका आहे पाहा, हक्क आणि सोड. ज्या सणाचे सारे विधान बहिणीचे घर हे भावाचे जेवण्याचे ठिकाण म्हणून सांगते, त्या सणाच्या गावी तिने आपल्या बापाच्या घरात केवळ पाहुणी म्हणून यावे, असा त्या कागदाचा अर्थ होतो.

आमच्या घरी असा कागद झालेला आहे. वाईजवळ एक घर, थोडी जमीन. आमची धाकटी बहीण दिवाळीला आली होती. भाऊबीज आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी सर्व जण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेलो. तिने सही करताना काही विचारले नाही, आणि आम्हीही काही सांगितले नाही. आदल्या दिवशी तिच्या ताटात आम्ही जी ओवाळणी टाकली होती ती नेहमीपेक्षा मोठी होती. ती का मोठी होती, हे आम्हांस ठाऊक होते. तिलाही ठाऊक असले पाहिजे. त्यानंतर आमची काशीस बदली झाली. तेव्हापासून दरवर्षी द्वितीयेस आम्ही फोनवरून रक्कम पाठवितो, आणि ती मिळाली असे तिचे दोन शब्दांचे उत्तर येते. निर्णयसिंधु उघडण्यापूर्वी आम्ही यालाच भाऊबीज समजत होतो.

गेल्या उन्हाळ्यात रजेवर गेलो असता वकिलाची गाठ घेतली. त्यांनी सांगितले की नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मनात आले म्हणून मागे फिरत नाही. द्यावयाचेच असेल तर बक्षीसपत्र करा. बक्षीस हा शब्द आम्हांस रुचला नाही. ज्याने परत करावयाचे त्याने बक्षीस दिले असे लिहून घ्यावयाचे, यात काहीतरी उलटे आहे. वकील म्हणाले, शब्द कायद्याचा आहे, तुमच्या मनात काय आहे ते मुद्रांकावर लिहीत नाहीत. मसुदा करून घेतला आहे.

यंदा भाऊबीजेच्या ऐच्छिक सुट्टीला चार दिवसांची अर्जित रजा जोडली, आणि महानगरीचे कल्याणपर्यंतचे तिकीट काढले. तेथून पुढे वाईची वाट. अक्कांना सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग आत जाऊन घरच्या अनारशांचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तिला म्हणावं, मी वाढत होते इतके दिवस." बहिणीला फोन केला. कागदाचे काही बोललो नाही. ते समोरच बोलावयाचे आहे. येत आहो एवढेच सांगितले. ती म्हणाली, "दुपारी जेवायला ना? की तुमची गाडी उशिरा पोचते?"

महानगरी कित्येकदा उशिरा पोचते. म्हणून आम्ही एक दिवस आधी निघणार आहो.